इंगळे मॅडम आणि दुसरा जिना

इंगळे मॅडमच्या हाताखाली मी पुष्कळदा मेलो. भाजून मेलो, बुडून मेलो, जत्रेत चेंगरून मेलो, एकदा बर्फाच्या कारखान्यात वायुगळतीने मेलो. दर वेळी संध्याकाळी घरी येऊन आंघोळ करायचो. बायको विचारायची, “आज काय झालं होतं?” मी सांगायचो, “पूर.” ती म्हणायची, “मग अंगावर एवढी धूळ कशी?”

जिल्ह्यावर संकट आलं तर दवाखान्यांनी काय करायचं, जखमी कुठे न्यायचे, रक्त कुठून आणायचं, आधी कुणाला उचलायचं, हे सगळं संकट येण्याआधी ठरवून ठेवायचं खातं आमच्या आरोग्य कार्यालयात एका खोलीत होतं. खोली म्हणजे डॉ. कुसुम इंगळे, दोन कपाटं आणि एक पंखा. मी शेजारच्या खोलीत, प्रचार विभागात. डेंगूची पोस्टरं, लशींच्या घोषणा, ऑटोवरचा भोंगा हे माझं काम. त्यातून मी गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकांत तोंडाला रंग लावणारा. मॉक ड्रिलसाठी, म्हणजे संकट आलंय असं समजून करायच्या रंगीत तालमीसाठी, मॅडमना जखमी माणसं लागत. त्यांनी एक दिवस दारातून डोकावून विचारलं, “मोघे, तुला ओरडता येतं?”

नटाला हा प्रश्न विचारतात का?

पहिली तालीम मेळ्याच्या मैदानावर होती. मांडव कोसळला आहे, माणसं खाली सापडली आहेत, असा प्रवेश. मी पडलो, लोळलो, आईला हाक मारली, माझ्यामागे मुलांचं कसं होणार असा सवाल आकाशाला केला. बघ्यांतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात मॅडम रंगीत पट्ट्या घेऊन आल्या. लाल म्हणजे ताबडतोब उचला, पिवळी म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालता-बोलता आहे, काळी म्हणजे गेला. त्यांनी माझ्या मनगटाला हिरवी बांधली आणि पुढे निघाल्या.

“मॅडम, माझा पाय तुटलाय.”

“तुटू दे. एवढा ओरडून राहिलास म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जायचं.”

गप्प पडले होते आमच्या लेखा विभागातले गुप्ताजी. ते दुपारच्या जेवणानंतर सावलीत खरोखरच झोपले होते. त्यांना लाल पट्टी मिळाली, स्ट्रेचर मिळालं, सायरन मिळाला. मी लंगडत, स्वतःच्या पायांनी, अॅम्ब्युलन्सपर्यंत चालत गेलो. त्या दिवसापासून मी ईर्ष्येला पेटलो. हळूहळू हिरव्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून लालवर आणि शेवटी काळ्यावर मला बढती मिळाली. काळी पट्टी लागल्यावर मात्र कळलं की आता आपल्याकडे कुणीच बघत नाही. पाहुणे फोटो काढून घेतात, सगळे समोसे खायला जातात, आणि तुम्ही उन्हात पडून असता. एकट्या मॅडम कागदी बशीत दोन समोसे घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ऊठ. मेलेल्यांची पण गिनती करावी लागते.”

बाई ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. सुती साडी आणि खाली पांढरे धावायचे बूट. पैठणी असली तरी खाली तेच बूट. ग्वाल्हेरात शिंदे की छावनीत घर. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. त्या सांगायच्या, “आमचे लोक इथे लढायला आले आणि मग लढाईच संपून गेली. तयारी तेवढी घरात राहिली.” त्यांची मराठी आम्हा सगळ्या ग्वाल्हेरकरांसारखीच, अर्धी हिंदीच्या कडेवर बसलेली. दार त्या कधी उघडायच्या नाहीत, खोलायच्या.

आणि दारांचं त्यांना वेड होतं. कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी दुसरी वाट शोधायच्या. “पहिला रस्ता तर सगळ्यांनाच माहीत असतो. तो त्या वेळी कामाचा राहत नाही,” असं त्यांचं म्हणणं. सिनेमाला गेल्या तर जाहिराती चालू असताना अंधारात भिंती चाचपत फिरायच्या आणि मग शेवटच्या रांगेत, दाराशेजारी बसायच्या. देवळातही आधी मागची बाजू, मग देव.

त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी होतो. शहराबाहेरचं मोठं मॅरेज गार्डन. मागच्या बाजूला फुलांची एक भिंत उभी केली होती, तिच्यावर वधूवरांची नावं, आणि समोर फोटोसाठी ही रांग. मॅडम त्या भिंतीमागे गेल्या आणि बाहेर आल्या त्या सरळ मांडववाल्याकडे.

“भैया, इसके पीछे क्या है?”

“गेट है मैडम.”

“तो गेट किसी को दिखेगा कैसे?”

“दिखने के लिए तो नहीं है मैडम. दिखने के लिए ये है.” त्याने फुलांकडे हात केला.

तेवढ्यात त्यांचे मोठे भाऊ, वधूचे वडील, अशोकदादा धावत आले. फेटा एका कानावर. “कुसुम, आज तरी. हात जोडतो. आज माझ्या मुलीचं लग्न आहे.”

“म्हणूनच म्हणते दादा. एवढी माणसं बोलावलीस, त्यांना घरी पण जाऊ दे.”

भिंत बाजूला सरकली. गेटचं गंजलेलं कुलूप हातोड्याने तुटलं. गेटपलीकडे शेत होतं, आणि ऐन मंगलाष्टकांत त्या शेतातली एक गाय शांतपणे आत आली आणि फुलांच्या भिंतीवरून वराच्या नावाची पहिली दोन अक्षरं खाऊन गेली. अशोकदादा दिवाळीपर्यंत बहिणीशी बोलले नाहीत. मॅडम मात्र प्रसन्न होत्या. जेवताना मला म्हणाल्या, “गाय आत येऊ शकते म्हणजे माणूस बाहेर जाऊ शकतो. ठीक आहे. जिलबी वाढ.”

मला हे सांगताना मजा येते, पण मॅडमना त्यात मजा वाटायची असं नाही. त्या दमलेल्या होत्या. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हाही दमलेल्या होत्या आणि करोनाच्या दोन वर्षांनंतर तर तो थकवा त्यांच्या चेहऱ्याचाच झाला. त्या दोन वर्षांबद्दल त्या बोलत नसत. फक्त एक बदल झाला. आराखड्यांत शेवटी एक वाक्य असतं, “पर्याप्त व्यवस्था है.” ते त्यांनी लिहिणं सोडून दिलं. वरून विचारणा आली की त्या सांगत, “सर, ज़रूरत हो तो आप लिख लीजिए.”

या कामाचा थकवाच वेगळा असतो. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. मॅडमनी काय दाखवायचं? न झालेली चेंगराचेंगरी? न मेलेली माणसं? काही झालं नाही तर तुमची गरज काय होती, असं विचारतात आणि काही झालं तर तुम्ही काय करत होतात, असं विचारतात. बैठकांमध्ये त्या उघड्या डोळ्यांनी झोपत. मी शेजारी बसून त्यांच्या श्वासावरून ओळखायचो. पण कुणी “सब तैयारी पूरी है” म्हणालं की त्या बरोबर जाग्या व्हायच्या आणि कुणाकडेही न बघता म्हणायच्या, “काग़ज़ पे तो कोई नहीं मरता.”

निवृत्तीला वर्षभर राहिलं तेव्हा त्यांनी बाकी सगळ्या आशा सोडल्या आणि एकच धरली. शहरातल्या एका जुन्या सरकारी इस्पितळात वरच्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड आहे. इस्पितळाचं नाव घेत नाही, मला तिथे अजून औषधं आणायला जावं लागतं. वॉर्डला दोन जिने. पहिला मोठा, आणि त्याच्या बरोबर पायथ्याशी भिंतीत बिजलीचं पॅनल. सगळ्या मजल्यांच्या तारा तिथे जमा होतात. तिथे ठिणगी पडली तर धूर त्या जिन्यानेच वर जाणार, चिमणीतून जावा तसा. दुसरा जिना वॉर्डच्या मागच्या टोकाला. त्याच्या दाराला कुलूप, किल्ली भांडारपाल तिवारीजींच्या कमरेला.

कुलूप लावायला कारणं होती. किल्ल्याकडून माकडं येतात. नातेवाईक पायऱ्यांवर स्टोव्ह पेटवून खिचडी करतात. चादरी त्या वाटेने चालत्या होतात. मॅडमना ही सगळी कारणं मान्य होती. त्या एवढंच म्हणत, “मोघे, वर लहान मुलं आहेत. त्यांना चालता पण येत नाही. मी रिटायर व्हायच्या आधी तो दरवाजा खुलला पाहिजे. बाकीचं पुढचा माणूस बघेल.”

त्यांनी तिथे आगीची मॉक ड्रिल लावली. नियमाप्रमाणे आधी पत्र गेलं, तारीख-वेळ कळवली. आणि त्या दिवशी काय झालं? तिवारीजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सकाळीच त्यांनी दार उघडून ठेवलं. जिना फिनाईलने धुतलेला, कठड्याला झेंडूची माळ. सायरन वाजला, आम्ही सगळे भाजलेले, गुदमरलेले लोक माळेला धक्का न लावता खाली उतरलो. टाळ्या झाल्या, चहा झाला. चहाचा कप खाली ठेवून तिवारीजी वर गेले आणि दाराला कुलूप लावून आले.

मॅडमनी अहवालात लिहिलं, “ड्रिल असफल.” वरच्या ऑफिसातून एका तरुण साहेबाचा फोन आला.

“मैडम, ड्रिल असफल कैसे हो सकती है? ड्रिल ही तो थी.”

“दरवाज़ा बंद था सर.”

“फ़ोटो में तो खुला है.”

“फ़ोटो के लिए खुला था सर.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “तो सफल लिख दीजिए ना, फ़ोटो के हिसाब से.”

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेला घाबरतो. “मोघे,” त्या म्हणाल्या, “या वेळी कुणाला सांगायचं नाही.”

बेत असा ठरला. भेटीच्या वेळेत मी वॉर्डातून एक उशी दुपट्यात गुंडाळून घ्यायची, मूल घेतलंय असं समजून मागच्या दाराकडे धावायचं, दार वाजवायचं आणि किल्ली येईपर्यंत उभं राहायचं. मॅडम खाली अंगणात घड्याळ घेऊन उभ्या राहणार. किल्लीला किती वेळ लागतो हे एकदा लिहून दिलं की कुणी नाही म्हणू शकणार नाही. हे फक्त वॉर्डच्या शर्मा सिस्टरना ठाऊक होतं. शर्मा सिस्टर म्हणजे भारदस्त बाई, वीस खाटा एका खाकरण्यावर चालवणाऱ्या. त्या तिथे असत्या तर काही बिघडलं नसतं. पण त्या नेमक्या औषधांच्या खोलीत गेल्या होत्या.

भूमिका माझ्या आवडीची होती. मी उशी छातीशी धरली, तिच्या कपाळाचा मुका घेतला, आणि व्याकूळ बापासारखा वॉर्डच्या मधून धावत सुटलो. एका अनोळखी माणसाला दुपट्यात काहीतरी गुंडाळून मागच्या दाराकडे पळताना बघून चाळीसेक आया-आज्यांना काय वाटावं, हा विचार जिल्ह्याच्या सगळ्या आराखड्यांत कुणीच केलेला नव्हता.

“बच्चा ले गया,” कुणीतरी म्हणालं. मी बंद दारावर पहिली थाप मारली तोवर माझ्या पाठीवरही पहिली पडली होती. भिंडकडच्या एक आजी होत्या, त्यांनी चप्पल काढली. मी ओरडून सांगितलं की ही उशी आहे, आणि दुपटं उलगडून दाखवलं. मग तर प्रकरण हाताबाहेरच गेलं. आजी म्हणाल्या, “तो बच्चा कहाँ फेंका?”

आरडाओरडा ऐकून मॅडम मोठ्या जिन्याने, एकेक पायरी चढत, वर आल्या. गर्दी बाजूला करत त्यांनी सांगितलं, “छोड़ो इसको. हमारा आदमी है.” त्यावर लोकांचं एकमत झालं की टोळीची म्होरकी बाई आहे. शर्मा सिस्टर हातात सुयांचा ट्रे घेऊन धावत आल्या म्हणून आम्ही दोघं आज आहोत.

तिसऱ्या प्रहरी इस्पितळाच्या अधीक्षक साहेबांनी आम्हाला बोलावलं. ते काही दुष्ट माणूस नव्हते. केस पांढरे, डोळ्यांखाली पिशव्या, मॅडमइतकेच दमलेले. ते म्हणाले, “मैडम, आप सही कहती हैं. मगर दरवाज़ा खुला रखूँ और सचमुच बच्चा उठ गया, तो उसकी माँ को मैं क्या नक़्शा दिखाऊँगा? आग जब लगेगी तब लगेगी. चोर तो रोज़ आता है.”

दुसऱ्या दिवशी त्या दाराला दुसरं कुलूप लागलं.

ऑफिसात मी सुजलेल्या कानाला बर्फ लावून बसलो होतो. मॅडम समोर. त्यांचा चहा त्यांनी नेहमीप्रमाणे गार होऊ दिला होता. म्हणाल्या, “माझ्यामुळे एक कुलूप आणखी लागलं.” त्यांनी कपाट बंद केलं, पर्स घेतली, आणि दारात थांबून विचारलं, “कान फार दुखतो का रे?” मी नाही म्हणालो. “खोटं बोलतोस,” म्हणाल्या आणि गेल्या.

आठवडाभराने त्या परत अधीक्षकांकडे गेल्या. मी बरोबर होतो, पण दारापाशी. एका बाजूने मारहाण झालेला माणूस दुसरी बाजू जपतो. साहेब म्हणाले, “एक आदमी दिलवा दीजिए जो वहाँ बैठे. आज खोल देता हूँ.”

पहारेकऱ्याची जागा मंजूर नव्हती, मंजूर होणारही नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं. मॅडमनी बूट खाली जरा पुढे-मागे केले.

“आदमी तो नहीं है,” त्या म्हणाल्या. “मैं बैठूँगी.”

साहेबांना वाटलं, बाई रुसल्या. मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम एक प्लास्टिकची खुर्ची, एक लाठी आणि फायलींचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी बसल्या. तिवारीजींनी दोन्ही कुलपं उघडली, आणि मॅडम संध्याकाळी उठल्या की ती परत लावायची असं ठरलं. जिल्ह्याची राजपत्रित अधिकारी जिन्यावर बसून सही करत होती. लोक त्यांना वॉर्डातली आयाबाई समजून विचारत, “अम्मा, बाथरूम किधर है?” त्या हात करून दाखवत. कुणी हातात मूल घेऊन बाहेर निघालं तर त्या कुणाचं, कुठे नेता, एवढं विचारत, आणि आईला हाक मारून खात्री करून घेत. कुणी स्टोव्ह आणला तर लाठी आडवी. एकदा डुलकी लागली तेव्हा एक माकड फायलींतून पूर-आराखड्याचा तिसरा भाग घेऊन कठड्यावर बसलं आणि एकेक पान उलटून बघू लागलं. मी दगड उचलला. मॅडम म्हणाल्या, “राहू दे. कुणीतरी वाचून राहिलंय.”

त्या बसायला लागल्या तेव्हा पावसाळा होता. पाऊस पडून गेल्यावर आमच्याकडे जी उमस होते, तिच्यात कूलर काही करू शकत नाही. हवा भिजलेल्या घोंगडीसारखी अंगावर पडून राहते. अशा दिवसांत मागचं दार उघडल्यावर वॉर्डातून वारा वाहायला लागला. आधी शेवटच्या खाटांवरच्या आयांना तो लागला, मग मधल्या. मुलं दुपारी झोपू लागली. शर्मा सिस्टर चहाचा पेला घेऊन दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या, मग मॅडम नसल्या की त्यांच्या खुर्चीवर बसू लागल्या. एका संध्याकाळी तिवारीजी किल्ल्या घेऊन आले तर त्यांना सिस्टरनी विचारलं, “तिवारीजी, बच्चे सोये हैं. अभी से बंद करोगे?” तिवारीजी खाली गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप लावायला आलेच नाहीत.

वर्षभर मॅडम आगीच्या नावाने ते दार मागत होत्या. न आलेल्या आगीसाठी कुणी दार उघडं ठेवलं नाही. आलेल्या वाऱ्यासाठी ठेवलं. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला आधीपासून सुचलं होतं का? त्या लाठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मला बसायला जागा पाहिजे होती, मोघे. पाय दुखतात.” यातलं खरं किती ते मला आजही ठाऊक नाही.

श्रावण संपता संपता ते घडलं. मॅडम त्या सकाळी पेन्शनच्या कागदांसाठी कोषालयात गेल्या होत्या. मी इस्पितळाच्या अंगणात डेंगूचं पोस्टर चिकटवत होतो. ओल आणि ताण, दोन्ही त्या पॅनलला झेपलं नाही. फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि मोठ्या जिन्याच्या तोंडातून काळा धूर वर जायला लागला, मॅडम सांगायच्या तसाच. मी तिथेच गोठलो. मेल्याचा इतका अनुभव, पण पाय उचलेना.

मग मागच्या जिन्यावरून आया उतरताना दिसल्या. कडेवर मुलं, हातात थर्मास, कुणाच्या खांद्यावर दोन-दोन. कुणी किंचाळत नव्हतं. त्या रोज त्या जिन्याने भाजी आणायला उतरत, तशाच उतरत होत्या, फक्त जरा भरभर. सायरन नाही, पट्ट्या नाहीत, आकाशाला सवाल नाही. प्रयोग म्हणून बघाल तर अगदीच बेरंग. शेवटी पदराने नाक झाकून शर्मा सिस्टर आल्या, एक पोरगं काखेत, एक पाठीवर. त्यांनी खाली येऊन सगळ्या खाटांच्या मुलांची नावं घेतली, प्रत्येक नावाला एकेक आई “हाँ” म्हणाली, आणि त्या पिंपळाच्या पारावर मटकन बसल्या. कुणालाच काही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या.

मॅडम त्यानंतर ऑफिसात आल्याच नाहीत. शिल्लक रजा टाकली आणि महिना संपला. अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत दार कुणाच्या आदेशाने उघडं होतं, अशी विचारणा करणारं पत्र त्यांच्या घरी गेलं. त्यांनी उत्तर दिलं, “माझ्या.” पुढे अधीक्षकांनी दोन्ही कुलपं काढून टाकली. निरोप समारंभ ठरल्याप्रमाणे झाला, सत्कारमूर्ती नसताना. हार आणलेला होता, तो कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवा होता. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझ्या घातला. म्हणाले, तुम्हाला सवय आहे. मॅडम आता मुलीकडे नागपूरला असतात. फोन केला की तिथल्या इमारतीचं मागचं फाटक कसं आहे ते सांगतात. दार आज उघडं आहे का, असं लोक मला विचारतात. मागच्या आठवड्यात होतं. पुढच्या आठवड्याचं मी सांगत नाही.

पण त्या दिवशी अंगणात मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते सांगायचं राहिलं. धूर विरत आला होता. त्या ऑटोतून उतरल्या, काखेत पेन्शनचं पाकीट. कुणाला काही विचारलं नाही. पारापाशी एक बाई बसली होती, मांडीवर तिची लेक, लेकीच्या हाताला सलाईन, आणि सलाईनची बाटली बाईने स्वतःच उंच धरलेली. तिने मॅडमकडे वर बघितलं. “अम्मा, ज़रा पकड़ना. पानी ले आऊँ इसके लिए.”

मॅडमनी पाकीट पारावर ठेवलं आणि बाटली घेतली. ती बाई नळाच्या रांगेत गेली. रांग लांब होती. मॅडम हात वर करून उभ्या राहिल्या. थेंब बघत होत्या, मुलीकडे बघत होत्या, परत थेंब. इस्पितळातल्या कुणीही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचा दंड थरथरायला लागला होता.

मी जवळ गेलो. “मॅडम, द्या. मी धरतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “तू हलवशील.”